बायकोच्या नावावरचे टेम्पो

परवा आरटीओबाहेर एका एजंटाबरोबर चहा प्यालो. हा माणूस प्रत्येक कामाला 'झालं समजा' म्हणतो अन् खोटं बोलताना त्याची पापणी हलत नाय. ज्यांच्यावर घर चालतं ते माझे दोन्ही टेम्पो बायकोच्या नावावर. ती गेली, पण नाव बदलायचा ओटीपी तिच्याच मोबाईलवर येतो.

"काकू जित्या हायत असंच दाखवू, काका. वारसाची भानगड नको," म्हणत त्यानं तिचा मोबाईल नेला.

मला झोप लागली नाय. पकडलं तर टेम्पो जप्त, मग खायचं काय?

सकाळी तो मुकुंदवाडीला घरी आला अन् मोबाईल माझ्या हातात ठेवला.

"ओटीपी आला, काका. पण मोबाईलवर काकूचा फोटो हाय, बटन दाबवंना. मृत्यूचा दाखला द्या, वारसाचंच करू."