सोनलनं गोळ्या का सोडल्या

"बाई जे गिळते, ते दुधातून लेकराच्या पोटात जाते." माझं पहिलं मूल अंगावर पीत होतं, तेव्हा आई हे म्हणाली होती. अंगात ताप असूनही मी गोळी घेतली नव्हती.

माझी भाची सोनल, पदरात चार महिन्यांचं लेकरू. मागच्या महिन्यात तिचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. त्यानंतर अंगातलं कॅल्शियम कमी होतं म्हणून दिलेल्या एवढ्या गोळ्या पाहून मी तिला आईचं वाक्य ऐकवलं. तिनं गोळ्या सोडल्या.

आज सकाळी लोहाऱ्याला तिच्याकडे गेले. बाळाला पाजता पाजता ती ओरडली, "मावशी, लेकराले घे! माहे बोटं उघडूनच नाही राह्यले." आखडलेली बोटं बाळाच्या झबल्यात अडकली होती. मी एकेक सोडवलं.

दवाखान्यात सलाईनमधून कॅल्शियम दिलं, तेव्हा हात सैल झाले. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "या गोळ्या घेऊन बाळाला पाजता येतं. बंद करायला कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडायच्या आत सोनल म्हणाली, "मीच केल्या."

तेव्हापासून तिची सासू बोलतेच आहे. "एवढी शिकली, कायले? लेकरू पडलं असतं म्हणजे?" सोनल मान खाली घालून ऐकते.

मैत्रिणींनो, मी दवाखान्यात, खोलीबाहेरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. खरं कळलं तर सासू मला त्या घरात येऊ देणार नाही, आणि सोनलला आई नाही. विचारलं तर सोनल नाहीच म्हणेल. तरी आत जाऊन तिला म्हणणार आहे, "बाई, तुह्या सासूले मले खरं सांगू दे."