बिनमुहूर्ताचे नानाभिया

मुहूर्त नसलेला दिवस शोधून कार्य ठरवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते नानाभिया; इंदुरात भैयाला भिया म्हणतात. मूळचे छत्रीबागेतले, सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे आणि वर्षातून एकदा इंदूरच्या झाडून सगळ्या प्रोग्रामरांची एक दिवसाची कॉन्फरन्स भरवायचे. मी नाशिकहून नोकरीला आले त्याच आठवड्यात त्यांनी मला कमिटीत घेतलं. माझी संमती विचारल्याचं काही आठवत नाही.

तिकीट लावायचं नाही, हा त्यांचा हट्ट. "अगं, टिकट लावलं तर कंपनीवाले येतील. त्यांना सगळं येतंच. अपने को वो पोरं पाहिजेत, ज्यांना कोणी बोलवतच नाही." म्हणजे हॉल फुकटात हवा. स्नेहलतागंजातल्या एका मंगल कार्यालयाचे मालक त्यांचे शाळासोबती, पण लग्नसराईत मैत्री चालत नाही. नानाभियांनी पंचांग काढलं आणि पितृपक्षावर बोट ठेवलं. त्या पंधरवड्यात कार्यालयाला कुत्रं विचारत नाही. माझ्या आईने फोनच्या पलीकडे कपाळाला हात लावला असणार.

पडदा विकत आणायचा प्रश्नच नव्हता, कार्यालयात अंतरपाट होता. कमिटीतल्या दोघांनी तो दिवसभर धरला. प्रत्येक स्लाइडच्या मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. वक्ते नवरानवरीच्या मखमली खुर्च्यांवर अवघडून बसले होते.

खरी गंमत पंगतीत झाली. आचाऱ्याला नानाभियांनी तारीख आणि माणसं तेवढी सांगितली होती. पितृपक्ष आणि मराठी मंडळी म्हटल्यावर त्याला आणखी काय सांगायचं? त्याने खीर, वडे, आमसुलाची चटणी असा साग्रसंगीत श्राद्धाचा स्वयंपाक केला आणि गच्चीवर कावळ्याचं पानही मांडलं. पुण्याहून आलेल्या वक्त्याने ताटाकडे पाहून हळूच सांगितलं, की माझे आईवडील दोघेही हयात आहेत.

नानाभिया डगमगले नाहीत. "रोज ज्यांचा कोड आपण सुधारत बसतो, ते लिहिणारे कुठे गेले, काही पता आहे? भिया, त्यांच्या नावानं जेवा." मंडळी पोट धरून हसली आणि दुसऱ्यांदा खीर मागून घेतली. तेव्हापासून दरवर्षी मेनू तोच.

मागच्या उन्हाळ्यात नानाभिया गेले. कारखान्यात, खुर्चीवर बसल्या बसल्या. कमिटीत लगेच हॉटेल, स्पॉन्सर आणि तिकिटाची भाषा सुरू झाली. निखिल त्या पक्षाचा म्होरक्या. मी भांडले आणि हरले. कार्यालयातली ही शेवटची, असं ठरल्यातच जमा होतं.

यंदा आचाऱ्याने गच्चीवर पान मांडलं तेव्हा कोणी हसलं नाही. कावळे कठड्यावर येऊन बसले, पण पानाला शिवेनात. खाली खीर निवत चालली. कोणी म्हणालं, नानाभिया, हॉल फुकटच मिळाला बरं का. कोणी म्हणालं, पोरं खूप आली आहेत. कावळे ढिम्म. असल्या गोष्टी अजिबात न मानणारा निखिल मघापासून घड्याळ बघत होता. शेवटी तोच पुढे झाला आणि त्याने हात जोडले.

"नानाभिया, अगली बार पण इथेच. टिकट नाही लावणार."

एका कावळ्याने वडा उचलला. मला रडूच कोसळलं.

कावळ्याला भूक लागली असणार, असं निखिल जेवताना दोनदा म्हणाला. पुढच्या पितृपक्षाची तारीख मात्र त्यानेच पाहून ठेवली आहे.