पाचव्या धुण्याला नापास

गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता ग्लेनचा फोन आला. बाय वारली, वसईला, भावाच्या घरी. मी फोन ठेवला, टेबलावर परत आलेली पुस्तकं शेल्फात लावली आणि शाळेतून घरी आले.

बाय आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची, भाचा ग्लेन आणि त्याच्या बायकोमुलांबरोबर. मस्कतमधल्या एका हॉटेलात ती लॉण्ड्री सुपरवायझर होती. वादी कबीर भागातल्या आमच्या इमारतीत उघडपणे सिगारेट ओढणारी ती एकटीच बाई. संध्याकाळी हॉटेलची व्हॅन तिला सोडून गेली की ती बाल्कनीत यायची, चपला काढून पाय कठड्याच्या गजांवर टेकवायची आणि काडी ओढायची. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा आपल्या मुलीला खिडकीतून आत ओढलं, तेव्हा बाय वरून म्हणाली, "बघू दे गो तिला. वाईट सवय कशी दिसते ते लांबून बघितलेलं बरं."

इथल्या मराठी मंडळींच्या स्मरणिकेत तिच्यावर एक पान द्यायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. ग्लेन भेटायला आला. खुर्चीच्या कडेवर बसून, चहाला हात न लावता म्हणाला, "टीचर, सिगारेटचं नका लिहू. आणि ते दुसरं, दुबईवाली वस्तू, तेही नको. मावशी चर्चला जायची, सगळ्यांना मदत करायची, तेवढं लिहा. फॅमिलीला बरं दिसणार नाही." मी मान हलवली. वाद घालणं मला कधी जमलेलं नाही. पण तो गेल्यावर लिहायला बसले आणि लक्षात आलं की ते दुसरं वगळलं तर बाय उरतच नाही. म्हणून ग्लेन, मी लिहिते आहे. राग आला तर माझ्यावर येऊ दे.

तिला सगळे बाय म्हणायचे. आमच्याकडे थोरल्या बहिणीला, आईला बाय म्हणतात, असं तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हॉटेलात मात्र ते तिचं नावच झालं होतं. तिथले ओमानी सिक्युरिटीवाले 'मॅडम बाय' म्हणायचे आणि गेटवर तिची पिशवी न बघता आत सोडायचे. मी शाळेत ग्रंथपाल आहे, शिकवत नाही, हे मी तिला अनेकदा सांगितलं. "शाळेत जातेस ना? मग टीचर," एवढं बोलून तिनं तो विषय संपवला.

तिची एक पद्धत होती. हॉटेलासाठी नवे टॉवेल, चादरी घ्यायच्या असल्या की विक्रेते नमुने घेऊन यायचे. ते नमुने बाय सात वेळा धुऊन, सात वेळा वाळवून बघायची आणि मगच सही करायची. विक्रेते वैतागायचे. "मॅडम, हात लावून बघा, किती सॉफ्ट आहे!" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं, "पहिल्या धुण्याला सगळेच सॉफ्ट असतात बाबा." हा नियम तिनं माणसांनाही लावला होता. चर्चमध्ये आलेल्या एका नव्या फादरबद्दल ती म्हणाली, "दुसऱ्याच धुण्यात आटला." माझ्याशी ओळख होऊन वर्ष झालं तेव्हा सहज म्हणाली, "तुझी चार झाली गं. रंग अजून गेला नाही." एवढं कौतुक माझं कुणी केलेलं नव्हतं. पुढे मी किती धुण्यांना टिकले, ते येईलच.

दुसरी गोष्ट तिचं नाक. घडी केलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर ती वाकायची आणि सांगायची, ही दोन नंबरच्या ड्रायरमधली, पाच मिनिटं लवकर काढलेली आहे, परत टाका. मशीनचा काटा ओल नाही म्हणायचा, बाय म्हणायची आहे. दुसऱ्या दिवशी गठ्ठा उघडला की कुबट वास यायचा आणि काटा खोटा पडायचा. तीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्या बाईचं नाक असं कसं, मी विचारलं होतं. "सिगारेटचा वास मला पाठ आहे. पाठ असलेली गोष्ट बाजूला ठेवता येते," ती म्हणाली. शास्त्राला हे पटेल की नाही, माहीत नाही. मी तिच्याबरोबर चादरी हुंगून बघितल्या आहेत. मला काही कळलं नव्हतं, तिला कळलं होतं.

मग हॉटेलात नवा मॅनेजर आला. एका पाहुण्यानं टॉवेलला धुराचा वास येतो अशी तक्रार केली आणि मॅनेजरनं नियम काढला. लिनन रूममध्ये, म्हणजे चादरी-टॉवेलांच्या खोलीत, काम करणाऱ्या कुणाच्या अंगाला सिगारेटचा वास आला तर त्याचा करार पुढे वाढणार नाही. बायचा करार तीन महिन्यांत संपणार होता. करार गेला की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की इथलं राहणं गेलं. नवरा जाऊन खूप वर्षं झालेली, मूल नाही, वसईला भावाच्या घरात एक खाट. तिला आणखी दोन वर्षं इथं हवी होती. ग्लेनच्या धाकट्याला शाळेत जाताना बघायचं होतं. याआधी आणि यानंतर मी तिला कशाची भीती वाटताना बघितलं नाही. या गोष्टीची तिला भीती होती.

शिवाय डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सिगारेट सोडायला सांगितलं होतं. ग्लेन कामासाठी सारखा दुबईला जातो. येताना तो एक व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी वाफेची सिगारेट, घेऊन आला. इथे ती विकायला बंदी आहे. बोटभर जाड, गुळगुळीत, निळी वस्तू. बॅटरी किती उरली ते दाखवणारा छोटा पडदा. आतला आंब्याच्या वासाचा रस संपला की फेकून द्यायची, पण बॅटरी त्याआधीच संपते, म्हणून मोबाइलच्या वायरनं चार्ज करायची. त्यानं हे सगळं मनापासून समजावलं आणि शेवटी तिचा मोठा गुण सांगितला, "मावशी, कुणाला कळणारसुद्धा नाही."

बायनं ती उलटसुलट करून बघितली. मग मला म्हणाली, "टीचर, हिला सात धुणी देते. सात दिवस. रोज वापरायला चालते का बघू."

पहिल्या दिवशी ती खूश होती. राख नाही, काडी नाही, बोटांना वास नाही. "रिमोट चोखल्यासारखं वाटतं, पण चालेल." दुसऱ्या दिवशी गणवेशाच्या खिशातले तंतू त्या वस्तूच्या ओढायच्या भोकात गेले आणि बाय कानातल्याच्या टोकानं ते काढत बसली. तिसऱ्या दिवशी दुपारीच बॅटरी संपली. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात ती चार्जिंगला लावून आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो. बाय म्हणाली, "फेकायचीच आहे तर चार्ज कशाला? आणि चार्ज करायची आहे तर फेकायची कशाला? हिला स्वतःलाच माहीत नाही ती कोण आहे." चौथ्या दिवशी ती जरा गंभीर होती. "सिगारेट संपते गं. हाताला चटका बसतो, आपण उठतो, कामाला लागतो. ही संपतच नाही. भात ढवळताना ओढली, कपडे घालताना ओढली. दिवसाला सहा सिगारेटी होत्या माझ्या. हिच्या किती झाल्या ते मला सांगता येत नाही. मोजता येत नाही ती सवय मी वापरायची कशी?"

तरी तिनं परीक्षा थांबवली नाही. सात म्हणजे सात.

पाचव्या दिवशी तिनं एक गोष्ट केली जी तीस वर्षांत केली नव्हती. लिनन रूममध्ये, मेजवानीच्या टेबलक्लॉथांच्या रॅकमागे उभी राहून तिनं दोन झुरके घेतले. सिगारेटच्या वेळी ती मागच्या फाटकाबाहेर, उन्हात, सगळ्यांसमोर जायची. आता जायची गरज नव्हती, कुणाला कळणार नव्हतं.

संध्याकाळच्या लग्नासाठी टेबलक्लॉथ वर गेले आणि अर्ध्या तासात मॅनेजर खाली आला. टेबलक्लॉथला आंब्याचा वास येत होता. लिनन रूममध्ये खायला-प्यायला सक्त मनाई. इथे कोण काय पीत होतं, त्यानं विचारलं. घड्या घालणारा शफीक तिथे होता. चितगावचा, चाळिशीचा, चार मुलींचा बाप. त्याच्या पिशवीत आंब्याच्या सरबताची अर्धी बाटली निघाली, जेवणाच्या सुट्टीतली. त्याला आधी एक ताकीद मिळालेली होती. ही दुसरी झाली. तिसरीला घरी पाठवतात. शफीक "सर, मी नाही, सर" एवढंच म्हणत राहिला. मॅनेजर बायकडे वळला, "बाय, तुम्हाला आधी वास आला नाही?"

बाय म्हणाली, "नाही आला."

आणि ते खरं होतं. तिनं टेबलक्लॉथ नाकाशी धरून बघितला, तिला खळीचाही वास आला नाही. पाच दिवस आंबा तिच्या नाकातच बसला होता. पुढचं मात्र ती बोलली नाही.

व्हॅनमधून उतरून ती सरळ माझ्या दाराशी आली, आत न येता चौकटीला टेकून उभी राहिली.

"टीचर, आज मी गप्प बसले."

मी सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, "तू एवढी पुस्तकं वाचतेस. सांग, काय करू?"

मी म्हणाले, "दोन दिवस थांब. कदाचित आपोआप मिटेल. तुझा करार आहे ना."

बायनं माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. फक्त "हं" म्हणाली आणि समोरच्या दारातून आत गेली. पाचवं धुणं त्या वस्तूचं होतं तसं माझंही होतं, आणि मीही त्यात नापास झाले. हे मला कुणी सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मॅनेजरच्या खोलीत गेली. शफीकला बरोबर घेऊन गेली, कारण ज्याच्यावर आळ आला त्याच्यासमोर तो उतरला पाहिजे, असं तिचं म्हणणं. तिथे काय झालं ते शफीकनं मला नंतर सांगितलं. तिनं ती निळी वस्तू टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "साहब, आम इसमें है. शफीक का कागज फाड़ो, मेरा लिखो."

मॅनेजरनं ती वस्तू उचलून बघितली. वाईट माणूस नसावा. म्हणाला, "बाय, ही इथे विकायलासुद्धा बंदी आहे. तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलंच नसतं."

"वही तो," बाय म्हणाली. "म्हणूनच ही चीज मी नापास केली. लपवून आणायची, लपवून ओढायची, आणि लपवून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. अठ्ठावन्न वर्षांची आहे मी. आता लपायला शिकू?"

शफीकचा कागद फाडला गेला, बायनं स्वतःच्या कागदावर सही केली. बायचा करार वाढला नाही.

उरलेले तीन महिने तिनं रोज कामावर जाऊन काढले. आठवड्याभरात नाक परत आलं, तेव्हा माझ्या दारावर थाप मारून तिनं सांगितलं, "तुझी डाळ लागते आहे!" खरंच लागत होती. संध्याकाळी ती बाल्कनीत सिगारेट ओढायची, पूर्वीसारखी, सगळ्यांना दिसेल अशी. सहाच्या चार झाल्या होत्या. मी एकदा म्हणाले, "आता सोड ना ती पण." "सोडीन तेव्हा तुझ्यासमोर सोडीन," ती म्हणाली, "चोरून सोडणार नाही."

ती निघाली त्या दिवशी विमानतळावर आम्ही सगळे होतो. शफीकही आला होता, सुट्टी टाकून, धुतलेला पांढरा शर्ट घालून. बायनं त्याच्या शर्टाची कॉलर चिमटीत धरली, वाकून हुंगली आणि म्हणाली, "साबण जास्त झालाय. दोनदा खळबळून काढ." मला म्हणाली, "चल गो." मी तिची माफी मागणार होते. वाक्य तयार करून आणलं होतं. तिनं ते बोलू दिलं नाही, पिशवी खांद्यावर टाकली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

सात महिन्यांनी फोन आला.

प्रार्थनेच्या दिवशी चर्चबाहेर लोक बोलत होते. कुणी म्हणालं, ओढायची ना, मग छातीचं होणारच. कुणी म्हणालं, ते नवीन वाफेचं काहीतरी होतं, त्यानंच झालं. ग्लेन रडत म्हणाला, "त्या दिवशी तोंड बंद ठेवलं असतं तर मावशी आज इथं असती, इथले डॉक्टर असते." प्रत्येकाला तिच्यातून एक धडा काढायचा होता, आणि प्रत्येकाच्या धड्यात ती चुकलेली होती.

सिगारेटनं तिचं नुकसान केलं नाही असं मी म्हणणार नाही. बहुधा तिचं आयुष्य सिगारेटनंच कमी केलं. बाय स्वतः हे नाकारत नव्हती. आणि ग्लेन म्हणतो तेही बरोबर असेल. गप्प बसली असती तर आणखी काही वर्षं जगली असती. पण मग समोरच्या बाल्कनीत जी बसली असती ती बाय नसती. तिनं स्वतःसाठी एक वस्तू तपासायला घेतली, त्या तपासणीत तिला स्वतःचाच दोष सापडला, आणि तिनं तो सहीनिशी लिहून दिला. मी तीस वर्षं पुस्तकांमध्ये आहे. असं करणारं माणूस मी एकच पाहिलं. ते चांगलं दिसत नाही म्हणून मी ते खोडणार नाही. चर्चला जायची, मदत करायची, असं लिहून मी तिला दुसऱ्यांदा गप्प बसवणार नाही. एकदा मी तसा सल्ला दिला होता, तेवढं पुरे.

हा मजकूर समितीनं छापावा किंवा परत करावा. मधलं काही काढून छापू नये. तसं मी पत्रात लिहिलं आहे, आणि खाली नाव घातलं आहे.

ग्लेनचा धाकटा या वर्षी शाळेत जायला लागला. शफीक त्याच हॉटेलात कामाला आहे. गेल्या महिन्यात त्याचा करार दोन वर्षांनी वाढला.