सोमवारी चुकणारी मोटार

बसलिंगप्पांच्या सर्व्हिस मोटारीत बसायचं म्हणजे दोन गोष्टी सोसायची तयारी ठेवावी लागे: मोटारीचे धक्के आणि बिरदेव ड्रायव्हरच्या बढाया. धक्के वळसंग मागे पडलं की जरा कमी होत. बढाया थेट अक्कलकोटपर्यंत चालत.

ही गोष्ट एकोणीसशे एकतीस-बत्तीसच्या सुमाराची. माझा भांड्यांचा धंदा. दर सोमवारी पितळी घागरी आणि तांब्यांची पोती मोटारीच्या टपावर चढवून मी सोलापुराहून अक्कलकोटला जाई. स्वभावाने मी तापट आहे असं घरचे म्हणतात, गिऱ्हाईकंही म्हणतात, तेव्हा ते खरंच असावं. पण त्या मोटारीत दर सोमवारी बसून जो शांत राहील त्याला मी साधूच म्हणेन.

बिरदेव मंगळवेढ्याकडच्या धनगराचा मुलगा. बापाबरोबर घोंगड्या विकायला सोलापुरात आला, वाटेत चिखलात रुतलेली एक मोटार त्याने खांदा लावून बाहेर काढली आणि त्या दिवसापासून तो मेंढरांकडे परत गेलाच नाही. काही वर्षं क्लीनर म्हणून मोटारी पुसल्या, मग बसलिंगप्पांनी त्याच्या हाती चाक दिलं. उंच, काटक, डोक्याला तांबडा पटका आणि कपाळभर बिरोबाचा पिवळाजर्द भंडारा. गावी त्याची आई केराबाई, भेटेल त्याला “माझा बिरू डायवर हाय” असं सांगत फिरे. एकदा तो मोटार घेऊन गावावरून गेला तेव्हा बायकांनी म्हणे मोटारीला ओवाळलं होतं. हे त्यानेच मला सांगितलं, आणि एकदा सांगून थांबला नाही.

“आबासाहेब,” तो मला म्हणे, “अंधारात कळपातलं कुटलं मेंढरू खोकतंय ते मी आवाजावरनं सांगतो. मग हिचं का न्हाई सांगायचं?”

हिचं म्हणजे मोटारीचं. आणि नेमकं तेच त्याला सांगता येईना.

मोटार जुनी होती, पण भरवशाची. त्या हिवाळ्यात मात्र तिला एक खोड लागली. सोलापुरातून निघतानाच इंजिन मध्येच एखादा ठोका गाळी. मग दोन ठोके बरे, पुन्हा एक गाळलेला. सगळी मोटार खोकल्यासारखी हिसके देई, वर माझ्या घागरी खणखणत आणि आत बायका एकमेकींच्या अंगावर पडत. ड्रायव्हर लोक याला ‘मिस मारणं’ म्हणतात. कुंभारी मागे पडून इंजिन चांगलं तापलं की ही खोड आपोआप नाहीशी होई.

बिरदेव काही स्वस्थ बसणारा गडी नव्हता. इंजिनावर चार प्लग ओळीने उभे असत. त्यांच्या टोकाशी ठिणगी पडली की आत पेट्रोल पेट घेई. बिरदेव लाकडी मुठीचा पेचकस एकेका प्लगला लावून त्याची वीज तोडून बघे. ज्याची वीज तोडली तरी इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो प्लग आजारी. पण एका सोमवारी दुसरा आजारी निघे, तर पुढच्या सोमवारी चौथा. त्याने पेट्रोल फडक्याने गाळून घेतलं, तारा बदलल्या, प्लग काढून टोकं पॉलिश कागदाने घासली. प्रत्येक इलाजानंतर मोटार बरी चाले आणि बिरदेव मिशीवर हात फिरवी. मग एखाद्या सकाळी पुन्हा तेच.

“तुमचं पितळ लई जड हाय. हिचा दम लागतो,” तो एकदा मला म्हणाला.

मी उसळलो. “आणि मंगळवारी तुझ्या मोटारीत कापसाच्या गाठी असतात तेव्हा?”

“मंगळवारी ती न्हाई चुकत.”

“बुधवारी?”

त्याने नुसता हॉर्न वाजवला. मी सोमवारीच जात असल्यामुळे मला वाटे, मोटार रोजच चुकते. तो रोज जात असल्यामुळे त्याला वाटे, ती मधूनच चुकते. आम्ही दोघे इतके महिने या एका गोष्टीवरून भांडत होतो आणि दोघांपैकी एकालाही वार मोजायचं सुचलं नव्हतं. बरं, एखादा सोमवार मोटार सुरळीतही जाई, आणि फार दव पडलं तर मंगळवारीही एखादा ठोका गाळी. त्यामुळे घोटाळा वाढतच गेला. स्टेशनजवळच्या एका फिटरला बिरदेव म्हणाला, “ही सोमवारी चुकती,” तर तो पोट धरून हसला आणि म्हणाला की तिला उपास असेल.

बसलिंगप्पांना हसू येण्याचं कारण नव्हतं. उतारू वैतागून दुसऱ्यांच्या मोटारीत बसू लागले होते. एका शनिवारी त्यांनी माझ्यादेखत बिरदेवाला सुनावलं, “सोमवारी मी स्वतः येतो, अक्कलकोटचे व्याही बरोबर आहेत. व्याह्यांच्या पुढं ही खोकली, तर किल्ली माझ्या हातात दे आणि गावाकडं जा. मेंढरं काय तुला विसरली नसतील.”

बिरदेव हसला, पण त्याचं तोंड उतरलेलं मला दिसलं. ज्या गावात मोटारीला ओवाळलं गेलं त्या गावात आता काठी घेऊन पायी जायचं. त्या दिवशी प्रथमच त्याने मला बढाई ऐकवली नाही, आणि खरं सांगतो, मला करमलं नाही.

त्या सोमवारी मी गिरणीचा पहिला भोंगा होतानाच माल घेऊन बसलिंगप्पांच्या घरामागच्या शेडवर गेलो. बिरदेव आधीच तिथे होता. त्याने शेडची दारं लावून घेतली आणि आत मिट्ट काळोख केला.

“ही चुकती तवा नेमकं काय करती, ते आंधारात बघायचंय,” तो म्हणाला. “उजेडात ठिणगी कुटं दिसती व्हय?”

त्याने बॉनेट उघडलं, हँडल मारलं. इंजिन सुरू झालं आणि लगेच ठोके गाळू लागलं. आणि मग मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरून बारीक निळ्या ठिणग्या बाहेरच्या बाहेर खाली उतरत होत्या. वीज आत जाऊन पेट्रोल पेटवायची सोडून वरच्या वरच पळून जात होती.

बिरदेवाने उत्साहात एका प्लगला बोट लावलं आणि झटका बसून असा उडाला की पटका माझ्या पायाशी पडला. मी पोटभर हसून घेतलं. मग त्याने इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि तेच बोट उजेडात धरलं. बोटावर ओलसर पांढरी राख होती. त्याने ती हुंगली.

“ही तर इबूत!”

आम्ही दोघे वाकून बघू लागलो. चारही प्लगांवर तीन-तीन बोटांच्या आडव्या रेघा. पांढऱ्यावर पांढऱ्या, म्हणून इतक्या दिवसांत कुणाला दिसल्या नव्हत्या. पाण्यात कालवलेली विभूती ओली असेपर्यंत वीज तिच्यावरून पळे. इंजिन तापलं की ती वाळे आणि खोड थांबे. दव पडलं की पुन्हा ओलसर. आणि बिरदेव टोकं घासायला प्लग काढी तेव्हा त्याच्याच हाताने ती पुसली जाई.

विभूती कुणाची, हे विचारायची गरज नव्हती. बसलिंगप्पांची आई नागव्वा दर सोमवारी पहाटे पूजा करून घरातल्या उंबऱ्याला, जात्याला, गोठ्यातल्या बैलांना विभूती लावी. ती लेकीकडे गेली असेल तोच सोमवार मोटारीला बरा जाई.

“चल,” मी म्हणालो, “बसलिंगप्पांना आत्ताच्या आत्ता सांगू. तुझी काही चूक नाही.”

बिरदेवाने माझा हात धरला. “न्हाई. चार माणसांत म्हातारीचं नाव निघंल. व्याही हायती घरात.”

त्याने चारही प्लग धोतराच्या सोग्याने कोरडे पुसले आणि मागच्या दाराने नागव्वाकडे गेला. मीही मागोमाग गेलो. ती पडवीत पूजेचं ताट आवरत होती.

“अव्वा,” तो खाली बसून म्हणाला, “मोटारीला इबूत तुमी लावता व्हय?”

“लावते की तम्मा, बाळा,” ती आनंदाने म्हणाली. “चार पांढरे देव बसल्यात आत. का, पुसली कुणी?”

“वल्या इबुतीनं मोटार चालंना झाली, अव्वा. मालक मला आज काढून टाकत्यात.”

म्हातारीचा हात ताटावरच थांबला. तिचा चेहरा एवढासा झाला. “अय्यय्य, मीच तुझ्या मुळावर आले की रे. त्या रस्त्यावर मोटारी उलटतात म्हणून लावत होते. तुला काय होऊ नये म्हणून.”

“मग मला लावायची की! मोटारीला कशापायी?”

नागव्वाने त्याच्या पिवळ्या कपाळाकडे पाहिलं. “तुझ्या कपाळावर तुझ्या देवाचा भंडारा, तम्मा. त्याच्यावर माझं बोट तुला चालंल का न्हाई, मला काय ठावं. विचारायला भीती वाटली. म्हणून तुझ्या हाताखाली जे हाय, त्याला लावली.”

 बिरदेवाने पटका काढून मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली. म्हातारीने ताटातली उरलेली सगळी विभूती त्याच्या कपाळाला लावली. रेघा जरा तिरक्या गेल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी भिंतीकडे बघत घागरी मोजल्यासारखं केलं, तिथे एकही घागर नसताना.

मोटार त्या दिवशी अशी गेली की वळसंग कधी आलं ते कळलं नाही. एक ठोका गळला नाही. व्याही मागे घोरत होते. मी बिरदेवाकडे सारखा बघत होतो, की आता हा मालकाला आपल्या हुशारीची कथा सांगेल, अंधारी शेड, निळ्या ठिणग्या, सगळं. तो नुसता शीळ घालत होता.

शेवटी पुढच्या बाकावरून बसलिंगप्पांनीच विचारलं, “काय निघालं रे?”

“वल लागली हुती, मालक. पुसली.”

“आणि कपाळावर हे काय?”

“अव्वानं लावलं.”

बसलिंगप्पांनी स्वतःच्या कपाळावरून हात फिरवला. ते कोरडं होतं. “मी निघताना गेलो तिच्याकडं, तर म्हणाली संपली,” ते जरा रुसल्यासारखे म्हणाले. मग अक्कलकोटची घरं दिसू लागल्यावर बोलले, “पुढच्या सोमवारी मोटार काढायच्या आधी तिच्याकडं जाऊन येत जा. वाट बघत बसंल ती. आणि माझ्यापुरती शिल्लक ठेवायला सांग.”