उजव्या कानातला आवाज

आधीच सांगतो, इथले अनुभव मी फक्त खोट काढायला वाचतो. अमावस्या, पांढरी साडी, पैंजण... काडीचा विश्वास नाही. त्यामुळे माझ्या अनुभवातही तुम्ही खुशाल खोट काढा. सापडली तर मला कळवा, उपकार होतील.

मी मूळचा कोल्हापूरचा. चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या एका छोट्या ऑफिसात व्हिडिओ एडिटिंग करतो. गुम्मिडिपूंडीतल्या एका कारखान्यासाठी आम्ही मशीन कसं चालवायचं, याचे व्हिडिओ बनवतो. त्यांचा दुसरा कारखाना महाराष्ट्रात आहे, म्हणून मराठी आवृत्तीही लागते. तिला आवाज देतात मालतीअक्का — तांबरमला एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. घरचं मराठी तंजावरचं, पण माईकसमोर बसल्या की अगदी पुणेरी वाचतात.

आता थोडं तांत्रिक. अक्कांचा माईक एकच, म्हणजे आवाज मोनो. पण त्यांच्या लॅपटॉपवर फाइल स्टिरिओ बनते. आवाज सगळा डावीकडे, उजवीकडे नुसती सपाट रेघ. मग मी सॉफ्टवेअरमध्ये ‘मोनो’ निवडतो. डावा आवाज दोन्ही कानांत जातो आणि उजवी बाजू पुसली जाते. त्या बाजूला काही नसतंच, तर कोण कशाला ऐकेल?

यावेळी प्रेस मशीनचा व्हिडिओ होता. घाईत मी ‘मोनो’ करायचं विसरलो आणि फाइल तशीच पाठवली.

दुपारी महाराष्ट्रातल्या कारखान्यातून सावंतांचा फोन. हे तिथले सेफ्टी ऑफिसर. मशीनच्या गलक्यात कुणी हाक मारली तर कळावी म्हणून हे गृहस्थ फक्त उजव्या कानात इयरफोन घालतात.

“आवाज फारच बारीक आहे हो. आणि अक्कांना घरगुती भाषेत का वाचायला लावलंत? ऐकायला गोड वाटतं, पण साहेब लोक हसतील. बाकी सगळं बरोबर आहे.”

उजव्या कानात? मी फाइल उघडली. उजवीकडची रेघ सपाट नव्हती... बारीक थरथरत होती. आवाज वाढवला.

अक्काच होत्या. डावीकडे त्यांचं वाचन स्क्रिप्टबरहुकूम — “मशीन थांबल्यावर अडकलेला पत्रा हाताने काढा.” आणि त्याच क्षणी उजवीकडे, लहान मुलाला लाडाने समजावल्यासारखं — “अगोदर चावी काढ, कण्णा. कमरेस ठेव. मगच हात आंत घाल.”

चावीचं वाक्य स्क्रिप्टमध्ये नव्हतंच.

माझा पहिला संशय ऑफिसात शेजारी बसणाऱ्या दिनेशवर. आवाजांची नक्कल करणारी सॉफ्टवेअर त्याला बोटावर नाचवता येतात. पण त्याला मराठीचा गंध नाही, आणि तो आठवडाभर गावी होता. मग संशय थेट अक्कांवर. आमचे मॅनेजर त्यांच्या जागी एआयचा आवाज घ्यायच्या गोष्टी करत होते... म्हातारीने काही शक्कल तर लढवली नाही?

दुसऱ्या दिवशी त्यांना ऑफिसात बोलावलं. कानांना हेडफोन लावून दिले आणि मुद्दाम त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. चोर कसा पकडतात, हे मला माहीत आहे!

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“आवाज माझाच. पण मीं हें वाचलें नाहीं. अय्यो... त्या चावीचें मज कोण सांगितलें?”

मग सावंतांना फोन लावला. चावी काढायची पायरी खरंच असते का?

ते म्हणाले, “असतेच. चावी काढली नाही आणि दुसऱ्या कुणी बटण दाबलं, तर हात गेलाच. व्हिडिओत आहे की ती. का?”

“स्क्रिप्टमध्ये नाही, साहेब.”

ते स्क्रिप्ट त्यांनीच तपासून, सही करून पाठवलं होतं. इंग्रजीतून मराठी करताना ती ओळ गळाली आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही. मी नेहमीसारखं ‘मोनो’ केलं असतं, तर तोच व्हिडिओ बघून पोरांनी मशीनमध्ये हात घातले असते.

व्हिडिओ दुरुस्त झाला. साउंड इंजिनिअर मित्र म्हणतो, एका माईकमधून डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरंच वाक्य येऊच शकत नाही. अक्कांवरचा माझा संशय अजून पूर्ण गेलेला नाही, पण ज्या बाईने आयुष्यात कारखाना पाहिला नाही, तिला चावी कुठून सुचली? त्यानंतरच्या प्रत्येक फाइलची उजवी बाजू मी कान लावून ऐकतो. सपाट. काही नाही.

माझी झोप उडालीय ती वेगळ्याच कारणाने. याआधीचे सगळे मराठी व्हिडिओही अक्कांच्याच आवाजात आहेत. मूळ फाइली आम्ही जागा अडते म्हणून पुसून टाकतो, त्यामुळे त्यांच्या उजव्या बाजूला काही होतं की नाही, हे आता कळायला मार्ग नाही. परवा धीर करून सावंतांना म्हटलं, ते जुने व्हिडिओ दाखवणं बंद करा, सगळे पुन्हा तपासू.

“का? त्यात काय चुकलंय?” त्यांनी विचारलं.

मला सांगता आलं नाही. व्हिडिओ अजून चालू आहेत.