सासूबाईंचं विरजण

आमच्या सासूबाई लग्न होऊन डोंबिवलीला आल्या, त्या माहेरच्या विरजणाचं बुडकुलं मांडीवर घेऊन. पंचावन्न वर्षं त्याच विरजणावर दही लागलं. सत्तरीतही विष्णुसहस्रनाम तोंडपाठ. "पोट गार तर डोकं जाग्यावर," म्हणायच्या. जवळच्या कोपर गावच्या ठमाबाई आगरणीचं विरजण एकदा नासलं, तेव्हा तिलाही आपल्यातलं दिलं.

एकोणीसशे त्रेपन्न साली त्यांना विषमज्वर झाला. डॉक्टरांच्या नव्या गोळ्यांनी ताप उतरला, पण पोट बिघडलं ते बिघडलंच, आणि डोकंही भरकटलं. एका सकाळी मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?"

डॉक्टर म्हणाले, "वाईट जंतूंबरोबर पोटातले चांगलेही मेले असतील. रोज ताजं दही द्या. पोट बिघडलं की डोकंही बिघडतं असं मला वाटतं. उशीर नको."

आजारपणाच्या धावपळीत घरचं विरजण मी वाळू दिलं होतं. शेजारच्या नीलाकडचं दही भरवलं, तर त्यांनी थुंकून टाकलं. "हे आपलं नव्हे." मग ठमाबाईला निरोप धाडला. ती भर उन्हात वाटी घेऊन आली.

पण सासूबाई कडक सोवळ्यातल्या. आगऱ्याघरचं कसं द्यायचं? अग्नीनं सगळं शुद्ध होतं, म्हणून मी ते विरजण चुलीवर कढत केलं, मग दुधात घातलं. दही लागेना. तीन दिवस थोडंथोडं तसंच लावून पाहिलं. वाटी संपली. पुन्हा मागायची लाज वाटली. आठवडा गेला. सासूबाई स्वतःचं नावही चाचरत सांगू लागल्या.

शेवटी ठमाबाईच चौकशीला आली. भांडं हुंगून म्हणाली, "तापवलंस का गो वयनी?"

"सोवळ्यासाठी," मी म्हणाले.

"जित्ता जीव चुलीवर ठेवलास! अगो, बाटायला ते माझं कुठंय? तुझ्या सासूचंच हाय, माझ्याकडं नांदायला आलेलं."

दुसऱ्या दिवशी तिनं घरून नवं विरजण आणलं आणि आमच्या स्वयंपाकघरात स्वतःच्या हातानं लावलं. सासूबाईंनी ते दही बोटं चाटून खाल्लं. हळूहळू पोट सावरलं. दहाव्या दिवशी त्या एकदम म्हणाल्या, "ठमे, किती वाळलीस गं!"

मी पुढे सरकले. "आणि मी कोण, सासूबाई?"

त्यांनी पाट माझ्याकडे सरकवला. मग अदबीनं म्हणाल्या, "बसा हो."

पुढे दीड वर्ष जगल्या. सहस्रनाम परतलं, मुलांची नावं परतली. माझं नाही. तो आठवडा वाया गेला नसता तर? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. देवही सांगत नाही. स्वयंपाक करताना अजून पाठीमागे त्यांची चाहूल लागते. पुन्हा "बसा हो" ऐकायला नको, म्हणून मी वळून पाहत नाही.