करिश्माच्यापेक्षा चांगला फोन

बडनेऱ्याची गीतांजली सकाळी चहाच्या आधी धाकट्या जावेचं स्टेटस पाहते. आपण पाहिलं हे जावेला कळू नये, अशी सोय तिनं फोनमध्ये मुद्दाम करून घेतली आहे.

दोघींची फुलांची दुकानं समोरासमोर. करिश्मा लग्न होऊन आली तेव्हा तिला सुई धरता येत नव्हती. हार ओवायला गीतांजलीनंच शिकवलं. चार महिन्यांपूर्वी करिश्मानं ‘नवा कोरा’ फोन घेतला, हारांचे फोटो टाकायला लागली, आणि लग्नाच्या ऑर्डरी तिच्याकडे वळल्या. गीतांजलीच्या मते करामत सगळी फोनची.

परवा चांदूर बाजारच्या डोमाजींनी मुलीच्या लग्नासाठी दोघींकडेही नमुना मागितला. एकेक हार करा, संध्याकाळपर्यंत फोटो पाठवा. जिचा पसंत पडेल तिला अख्ख्या मांडवाचं काम. गीतांजलीच्या फोनवर पांढरी शेवंती शिजलेल्या भातासारखी दिसते. तिनं हार ओल्या फडक्यात गुंडाळला आणि दुपारी अमरावतीत वकारभाईचं दुकान गाठलं. वकार वापरलेले फोन दुरुस्त करून, सहा महिन्यांच्या वॉरंटीनं विकतो.

तिनं जावेच्या फोनचं मॉडेल सांगितलं. वकारनं एक काढला.

“स्क्रीन बदललेली हाय का?”

“नाई ताई, ओरिजिनल. फक्त बॅटरी नवीन टाकली. पाहा ना वापरून.”

तिनं काउंटरवर हार पसरून फोटो काढला. पाकळीन् पाकळी वेगळी. तिचा जीव थंड झाला. मग करिश्मानं घरच्या ग्रुपवर टाकलेला नमुन्याचा फोटो तिनं आपल्या फोनवरून त्या फोनवर घेतला. शेजारी ठेवून पाहायचं होतं.

“ह्या करिश्मा मॅडम तर बडनेऱ्याच्या ना,” वकार वाकून तिच्या फोनवरचं नाव वाचत म्हणाला. “त्यायनंबी इथूनच नेला फोन.”

“इथून? वापरलेला?”

“मंग काय! लय घासाघीस केली त्यायनं.”

“अन् घरी सांगते का नवा कोरा हाय!” गीतांजली हसली. आठवड्यातलं पहिलं हसू. “तिच्यावाल्याची बॅटरी नवीन होती का?”

“नाई, जुनीच. ब्याऐंशी टक्के.”

“बरं झालं.”

आता खोट काढायची म्हणून तिनं करिश्माचा हार बोटांनी मोठा केला. वरून खाली नेला, खालून वर आणला. दोरा कुठंच दिसेना. फूल फुलाला चिकटलेलं, वळणावरसुद्धा. मग स्वतःचा हार मोठा केला. तिसऱ्या-चौथ्या फुलानंतर दोरा डोकावत होता. मधल्या पदकाजवळ तर बोट जाईल एवढी फट.

इतका घट्ट हार ओवायला आपण तिला शिकवलं नव्हतं. मग कोणी शिकवलं? की कोणीच नाही, तिचं तिनंच? हा दुसरा विचार जास्त झोंबला. फोन विकत आणता येतो.

“बिल बनवू ना ताई?”

“नाई. राहू द्या.”

“काहून? फोटो खराब येऊन राहिला का?”

“फोटो लय साफ येते.”

“मंग?”

“तेच तर.”

तिनं आपल्या फोनवरून तिथंच उभ्यानं डोमाजींना कॉल लावला. “भाऊ, फोटो नाई पाठवत मी. फोटोत कोणाचंबी चांगलं दिसते. उद्या सकाळी हारच घेऊन येतो तुमच्याकडे, हातात धरून पाहा. तवर कोणाले हो म्हणू नका.” डोमाजी नऊपर्यंत थांबायला तयार झाले.

घरी जायच्या आधी तिनं बाजारातून पुन्हा दोन किलो शेवंती घेतली. घरच्या वावरात फुलं होती, पण तोडायला गेलं असतं तर करिश्मानं पाहिलं असतं, आणि विचारलं असतं, “ताई, हार पुन्हा करून राहिल्या का?”